वीस मिनिटं तोंडपाठ: ब्राउनश्वाइगचे दहा दिवस

जर्मनीला जायचं ठरलं ते एका भाषणापायी. कोलोनमधल्या काही मराठी कुटुंबांनी मे महिन्यात एक छोटा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यांना घोकंपट्टीवर बोलणारं कोणीतरी हवं होतं. माझी भाची मुक्ता ब्राउनश्वाइगला पीएचडी करते, तिनं माझं नाव सुचवलं. घोकंपट्टी ही माझी जुनी वैरीण. पंचवीस वर्षं मी कॉलेजात इतिहास शिकवला. सनावळ्या घडाघडा म्हणणारी आणि 'का' विचारलं की बाकाकडे बघणारी मुलं पाहून माझं रक्त उसळायचं. तेच उसळणं मी पुढे व्यासपीठावर नेलं. सांगलीपासून संगमनेरपर्यंत ज्यांनी मला ऐकलंय, त्यांना माझ्या भाषणातला चीनचा परिच्छेद आठवत असेल: एका सुरात धडे म्हणणारे वर्ग, परीक्षेच्या घाण्याला जुंपलेली मुलं, आणि शेवटी माझं लाडकं वाक्य, "यंत्रं घडवता येतात, माणसं उमलू द्यावी लागतात." तिथे टाळ्या ठरलेल्या.

बॅग भरताना नवरा म्हणाला, "चीनबद्दल बोलायला जर्मनीला चाललीस. मजा आहे."

"अहो, विचारांना व्हिसा लागत नाही."

मला मात्र लागला, आणि त्याची अपॉइंटमेंट मिळता मिळता नाकी नऊ आले. तुम्हाला मे-जूनमध्ये जायचं असेल तर संक्रांतीच्या सुमारासच हालचाल करा. मे उत्तम. थंडी स्वेटरपुरती, उजेड रात्री नऊपर्यंत, आणि बाजारात श्पार्गेल, म्हणजे पांढरा शतावरीचा कोंब. दिसायला रंग उडालेली शेवग्याची शेंग. ब्राउनश्वाइगचे लोक तिच्याबद्दल असं बोलतात, जसं देवगडचे हापूसबद्दल.

शुक्रवारी सकाळी फ्रँकफर्टला उतरले. रेल्वे स्टेशन विमानतळालाच जोडलेलं आहे, शहरात जावं लागत नाही. एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. तिकीट काढलं म्हणजे बसायला जागा मिळाली असं तिथे नसतं, जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. मी कासेलपर्यंत दाराशी बॅगेवर बसून गेले. बाहेर पिवळ्याधमक मोहरीची शेतं सरकत होती, त्यामुळे तक्रार नाही.

मुक्ता ज्याला 'वेगे' म्हणते तसल्या घरात राहते. प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं मिळून. तिची घरसोबतीण युएलिंग, चीनच्या हुनान प्रांतातल्या एका लहान गावातली, वय तिशीच्या आत. काँक्रीटच्या जुन्या पुलांना भेगा कशा पडतात यावर तिनं पाच वर्षं काम केलेलं. येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता तिची तोंडी परीक्षा होती. आधी वीस मिनिटं स्वतःचं काम सांगायचं, मग तासभर चार प्राध्यापकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पास झाली तर डॉक्टर, आणि हॅम्बुर्गमधली ठरलेली नोकरी पक्की. नाही झाली तर नोकरी नाही, आणि राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न.

मी दारातून आत शिरले तेव्हा ही मुलगी फ्रिजसमोर ताठ उभी राहून इंग्रजीत पुटपुटत होती. डोळे अर्धे मिटलेले. 'सर'पासून 'थँक यू'पर्यंत शब्द न् शब्द पाठ. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून.

"फ्रिजला का सांगतेय?" मी मुक्ताला हळूच विचारलं.

"फ्रिज म्हणजे तिचे प्रोफेसर. दोघंही गार आणि अधूनमधून गुरगुरतात."

माझ्या भाषणातला परिच्छेद माझ्यासमोर मोजे घालून उभा होता. मला आनंद झाला, हे कबूल करते. डॉक्टरला नेमका हवा तो रोगी मिळावा तसा.

शनिवारी आम्ही गाव पाहिलं. बुर्गप्लात्झच्या चौकात एक काशाचा सिंह आहे, गावाचा मानबिंदू. चौक फुकट, बाजूचं संग्रहालय तिकिटात, चालत सगळं दोन तासांत होतं. पण माझं लक्ष सिंहात नव्हतं. संध्याकाळी भाकरी आणि ठेचा झाला (हुनानची मुलगी ठेचा चमच्यानं खाते, बिनभाकरीचा) आणि मी मैदानात उतरले. ज्ञान म्हणजे साठा नव्हे, ज्ञान म्हणजे झगडा, वगैरे वगैरे. मला थांबवणं अवघड असतं. शेवटी मी हात पुढे केला.

"दे ते कागद इकडे. गुरुवारपर्यंत माझ्याकडे राहतील. आता तुझ्या शब्दांत सांग."

युएलिंगनं मुक्ताकडे पाहिलं. वयानं मोठी बाई मागतेय म्हटल्यावर दिले कागद. मग बोलायला लागली. दोन मिनिटं ठीक गेलं. तिसऱ्या मिनिटाला भेगेची रुंदी सांगायची ती खोली सांगून बसली, मागे गेली, पुढे आली, आणि थांबली. तिचे डोळे भरले. ती "सॉरी" म्हणून खोलीत गेली आणि दार अगदी हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मावशी," मुक्ता भांडी धुता धुता म्हणाली, "तिच्या परीक्षेला पाच दिवस राहिलेत. पुढच्या सोमवारी तू सांगलीत असशील. तिला इथेच राहायचंय."

मी वाद न घालता फडकं घेऊन भांडी पुसायला लागले. असं क्वचित होतं.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवा. शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा. बेकऱ्या मात्र सकाळी उघड्या असतात. मुक्ता आणि युएलिंगच्या संस्थेतली चार मुलं नाश्त्याला येणार होती म्हणून मी ब्रेझेल, म्हणजे पिळाचे खारे पाव, आणायला निघाले, आणि युएलिंग स्वतःहून बरोबर आली. कालचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. सात ब्रेझेल, दीड युरोला एक. काउंटरवरच्या बाईनं यंत्राला हात लावायच्या आत मी साडेदहा मोजून ठेवले.

युएलिंगनं मान वळवली. "तुम्ही आत्ता काय पुटपुटलात?"

"दिडकी. दीडचा पाढा."

"दीडचा? अपूर्णांकाचा पाढा?"

"पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी," मी अभिमानानं म्हणाले.

"समजून केली होती, की पाठ?"

मी ब्रेझेलच्या पिशवीकडे पाहिलं. चौथीत होते. समजण्याचा प्रश्नच नव्हता, गुरुजींच्या हातात पट्टी होती.

"पाठ," मी म्हणाले.

ती हसली नाही. आम्ही पुढच्या सिग्नलला आलो. लाल दिवा होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी आम्ही दोघी आणि एक कुत्रा घेतलेले आजोबा शहाण्यासारखे उभे होतो. तिथे तिनं विचारलं, "मावशी, कोलोनचं तुमचं भाषण किती वेळाचं?"

"पंचेचाळीस मिनिटं."

"कागद बघून?"

"छे. कागदाला मी आयुष्यात हात लावला नाही."

"म्हणजे?" ती म्हणाली, आणि आता मात्र हसली.

दिवा हिरवा झाला. आजोबा आणि कुत्रा पलीकडे गेले. मी तिथेच.

घोकंपट्टीविरुद्धचं माझं भाषण मला तोंडपाठ आहे. स्वल्पविरामासकट. कुठे आवाज चढवायचा, कुठे पाणी प्यायचं, तेसुद्धा. आणि का पाठ करते? जीभ वाट चालत राहते, तेव्हा डोळे मोकळे असतात. तिसऱ्या रांगेतला माणूस जांभई देतोय का, मागची बाई रडतेय का, हे मला दिसतं ते त्यामुळेच. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "गेनाऊ." जर्मनीत राहणारी सगळी माणसं हा शब्द श्वासासारखा सोडतात. म्हणजे 'अगदी बरोबर'.

घरी आल्या आल्या कागद परत केले. तिनं ते फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवले.

पण मी तलवार पुरती म्यान केली असं समजू नका. नाश्ता आटोपून पाहुणे गेल्यावर मी तिला शाळेबद्दल विचारलं. गेली पंधरा वर्षं व्यासपीठावरून ज्या मुलांबद्दल मी बोलत होते, त्यातल्या एकाशीही आजवर बोलले नव्हते. तिनं सांगितलं. उजाडायच्या आत शाळा, अंधार पडल्यावरही अभ्यासिका. सगळी वर्षं एकाच परीक्षेकडे, गाओकाओकडे, तोंड करून. बाजूला बसणारी मैत्रीण सुंदर चित्रं काढायची, नववीनंतर तिनं पेन्सिल फक्त उत्तरांसाठी वापरली. माझ्या परिच्छेदात हे होतं. पण तिचे एक गणिताचे सरही होते, ते माझ्या परिच्छेदात नव्हते. आठवडाभर एकच गणित फळ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, उत्तर आलं असेल तर दुसऱ्या वाटेनं या. चिनी अक्षरांचंही तसंच. एक अक्षर पानभर लिहिताना पहिल्या ओळी हात लिहितो, मग कधीतरी डोळ्याला दिसतं की या अक्षरात पाण्याची खूण का आहे. "पाठ करता करता समजतं, मावशी. समजल्यावरच पाठ करायचं असं आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"मग भीती कसली वाटते?"

"प्रश्नांची. इथली मुलं पुस्तक न वाचतासुद्धा प्रश्न विचारतात. मला पूर्ण वाचूनही विचारता येत नाही."

मग मी इतिहासवालीचा अडाणी प्रश्न विचारला. "तुझ्या प्रोफेसरांना माहीत नव्हतं असं तुला काय सापडलं?"

ती उठून खोलीत गेली. प्रबंध आणला आणि पान एकशे बारा उघडलं. खाली तळटीप, मुंगीच्या अक्षरात. तिच्या प्रोफेसरांनी तरुणपणी मांडलेलं एक सूत्र आहे, त्यांचं नाव झालं ते त्यावर. ज्या पुलांवर ऊन फक्त एका बाजूनं पडतं, तिथे ते चुकतं. तिनं चार पूल मोजले होते. तीन ठिकाणी सूत्र बरोबर, चौथ्या ठिकाणी नाही.

"आणि हे तू तळटिपेत टाकलंस."

"चारचौघांत त्यांचं चुकलं असं कसं म्हणू?"

"हेच ते! हेच चीनचं..." मी सुरू केलं.

"चीनचं?" ती मुक्ताकडे वळली. "तू तुझ्या प्रोफेसरना कधी म्हणालीस, तुमचं चुकलं?"

मुक्ताला एकदम कपडे वाळत घालायची आठवण झाली.

सोमवारी आम्ही तिघी गोस्लारला गेलो. लोकल गाडीनं तासाच्या आत पोचता येतं, महिन्याचा पास असेल तर वेगळं तिकीट नाही. गाव असं की लाकडी चौकटींची वाकडी घरं एकमेकांना टेकून गप्पा मारतायत आणि वर सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या पाटीच्या दगडाची छपरं. जुनी खाणही पाहता येते, जमिनीखाली जाताना जाकीट न्या. पण आमचं खरं काम गल्ल्यांत चाललं होतं. करार असा झाला होता: वीस मिनिटं तिची, पाठच राहणार. पुढचा तास माझा. मुक्ता प्रोफेसर झाली. नाकावर चष्मा ओढून ती दर कोपऱ्यावर विचारायची, "आल्झो, तर मग सहकारी बाई, माझं सूत्र सिद्ध झालं ना?" आणि युएलिंगनं म्हणायचं, "नाही." पहिल्यांदा ती म्हणाली, "कदाचित पूर्णपणे नसेल असं काही जण म्हणू शकतील."

"हे वाक्य नाही, ही माफी आहे," मी म्हणाले. "पुन्हा."

दुपारी एका कॅफेत बसलो. बाजूच्या टेबलावर एकटी आजी. वेट्रेसनं ताट उचलताना विचारलं, आवडलं का? आजी शांतपणे म्हणाली, "नाइन," म्हणजे नाही, "सॉस खारट होता." वेट्रेस म्हणाली, "आतमध्ये सांगते." आजीनं कॉफी मागवली. संपलं. कोणी दुखावलं नाही, मॅनेजर धावत आला नाही. आमच्याकडे हीच गोष्ट घरी पोचल्यावर आठवडाभर पुरली असती. युएलिंग टक लावून बघत होती. परतीच्या गाडीत ती खिडकीच्या काचेला सांगत होती, "नाइन. सॉस खारट होता." मंगळवारी, बुधवारी फ्रिजलाही तेच.

गुरुवार. अशी परीक्षा तिथे उघडी असते, कोणीही जाऊन बसावं. खोलीत तीसेक माणसं. समोर चार प्राध्यापक, मधे तिचे, पांढऱ्या मिशांचे, हात बांधून बसलेले. मी तिच्या भाषणाची पहिली ओळ मनात घोकत होते. स्वतःच्या भाषणाआधी मी असं कधी करत नाही.

ती सुरू झाली. सातव्या मिनिटाला तिचा लॅपटॉप अपडेट होतोय म्हणत काळा झाला. पडद्यावर काही नाही. कोणीतरी टेबलाखाली शिरलं. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढचं वाक्य, त्यापुढचं, आकडे, आकृत्यांऐवजी हवेत हातानं काढलेले पूल. तेराव्या मिनिटाला पडदा पुन्हा उजळला तेव्हा ती बरोबर त्याच स्लाइडवर होती. मी कागद परत दिले नसते तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही फार वेळ करत नाही.

मग प्रश्न. तीन प्राध्यापकांचे सरळ गेले. पांढऱ्या मिशा पुढे झुकल्या. "आल्झो, तुमच्या मोजमापांनी आपलं जुनं सूत्र पक्कं झालं, असं मी समजू का?"

तिनं पाण्याचा ग्लास उचलला, प्यायली, खाली ठेवला. मुक्तानं माझा दंड धरला.

"नाइन," युएलिंग म्हणाली. सगळी परीक्षा इंग्रजीत, हा एक शब्द जर्मन. "चौथ्या पुलावर नाही. पान एकशे बारा."

पानं उलटल्याचे आवाज. प्रोफेसरांनी तळटीप चष्म्याच्या वरून वाचली, मग चष्म्यातून. ते खूश झाले असं सांगितलं तर कथा गोड होईल, पण तसं झालं नाही. त्यांचे कान लाल झाले. मोजणी चुकली असेल, म्हणाले. तिनं मोजणी कशी केली ते सांगितलं. मग हवामान वेगळं असेल. तिनं हवामान सांगितलं. दहा मिनिटं हे चाललं आणि ती एकदाही "सॉरी" म्हणाली नाही. शेवटी ते मागे टेकले. "मला पटलेलं नाही. पण उत्तर चांगलं आहे."

प्राध्यापक दार बंद करून आत बसले, आम्ही बाहेर. ती भिंतीला टेकून उभी. तिथली एक पद्धत मला फार आवडली. नवा डॉक्टर झाला की सहकारी स्वतः बनवलेली पुठ्ठ्याची टोपी त्याला घालतात, वर त्याच्या कामाच्या गमती चिकटवलेल्या. रविवारच्या नाश्त्याचं रहस्य हेच होतं: ती चार मुलं टोपीची मापं ठरवायला आली होती. टोपीवर सिमेंटचा छोटा पूल, त्याला खरी भेग. मुक्तानं तिथल्या तिथे मार्कर काढून पुलावर ११२ लिहिलं.

दार उघडलं. उत्तम श्रेणी. जर्मन विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोकतात. तीस माणसांची टकटक म्हणजे पत्र्यावर गारा. सगळ्यात जोरात पांढऱ्या मिशा ठोकत होत्या. टोपी तिच्या नाकापर्यंत आली. खालून आवाज आला, "मावशी, सॉस खारट होता."

शनिवारी कोलोन. हॅनोव्हरला गाडी बदलून चारेक तास. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ते प्रचंड काळं कॅथेड्रल एकदम अंगावर येतं. आत जायला पैसे नाहीत, मनोऱ्यावर चढायचं असेल तर तिकीट आणि गुडघे लागतात. कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये, साबुदाणा खिचडी आणि केक असा बेत. मी उभी राहिले, आणि चीनच्या परिच्छेदाशी आल्यावर थांबले. तो म्हटला नाही. त्याऐवजी युएलिंगची मैत्रीण सांगितली, गणिताचे सर सांगितले, फ्रिज सांगितला. वीस मिनिटांत संपवलं आणि म्हणाले, आता प्रश्न. जर्मनीत राहिलेली माणसं, सोडतात थोडीच. तास गेला. दोन प्रश्नांना मी "माहीत नाही" म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, कारण पंधरा वर्षांत मला कोणी प्रश्न विचारलेच नव्हते. मी विचारू दिले नव्हते. प्रश्न विचारा असं पंचेचाळीस मिनिटं गर्जून सांगायचं, मग आभार, शाल, नारळ आणि गाडी.

घरी आले त्याला आता दोन महिने झाले. माझं मत विचाराल तर परीक्षेच्या घाण्याविरुद्ध मी आजही तितकीच उभी आहे, चीनमधल्या आणि आपल्याही. नववीत थांबलेली ती पेन्सिल मला झोपू देत नाही. पण पाठांतराला मी आता शिव्या देत नाही. पाठ झाल्यावर मुलाला पुढे कोणी काही विचारतं का, एवढंच बघते.

मागच्या आठवड्यात मिरजेजवळ व्याख्यान होतं. संयोजकांना फोनवरच सांगितलं, वीस मिनिटं भाषण, चाळीस मिनिटं प्रश्न.

"ताई, आपल्याकडे प्रश्न कोण विचारणार?"

"मग चाळीस मिनिटं बसून राहू."

वीस मिनिटं बोलले आणि खुर्चीत बसले. हॉल गप्प. नवरा पहिल्या रांगेत घड्याळ बघत होता. संयोजक आभाराचा कागद घेऊन दोनदा अर्धवट उठले, दोनदा मी हातानं बसवलं. पाच मिनिटं गेली असतील. मग पाचव्या रांगेतून एक बाई उठल्या, मांडीवरची पिशवी शेजारणीकडे देऊन.

"मॅडम, राग मानू नका. हे सगळं तुम्ही आत्ता जे बोललात, ते पाठ करून आला होतात का?"

हॉलमध्ये कोणीतरी श्वास ओढला.

"हो," मी म्हणाले. "शब्द न् शब्द. आता पुढचा विचारा." आणि टेबलावर पेरांनी ठोकलं.